सपाट बसणारा रुमाल

सरोजकाकूंना गणित शिकवायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो आणि एक अक्षरही शिकवायच्या आत त्यांची तीन दुपारांची मेहनत ओढत फाटकापर्यंत घेऊन गेलो.

झालं असं, की ओटीवरच्या खुर्चीत क्रोशाचा एक अर्धवट गोल रुमाल ठेवलेला होता. सुई त्याच्यातच अडकवलेली, दोऱ्याचा संपत आलेला गुंडा खाली डब्यात. मी खांद्यावरची पिशवी त्याच खुर्चीच्या पाठीला लावली, चहा प्यालो, ‘उद्यापासून रोज पाचला येईन’ असं शक्य तितक्या भारदस्त आवाजात सांगितलं आणि पिशवी उचलून निघालो. पिशवीच्या बक्कलात दोरा अडकला होता. सुई कधी गळून पडली ते मला कळलं नाही. मी पायऱ्या उतरलो, तुळशीला वळसा घातला, जुलैच्या चिखलातून फाटकाशी पोचलो. माझ्यामागे खुर्चीतला रुमाल गिरक्या घेत घेत लहान होत होता.

ओटीच्या कोपऱ्यात काकूंच्या सासूबाई, तुळजाबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी हे पहिल्या पायरीपासून पाहिलं होतं. फाटकाची कडी वाजल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

“अगो सरोज, भायेर ये गो. हा मास्तर शिकवायला आलाय का उसवायला?”

काकू बाहेर आल्या. त्यांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग अंगणातल्या दोऱ्याकडे, मग माझ्याकडे. रागावल्या नाहीत. चिखलात बरबटलेला दोरा गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत आल्या, बक्कलातून तो सोडवला आणि म्हणाल्या, “हा आता कापूनच टाकावा लागेल. आणि असा पांढरा महाडात मिळत नाही.”

“मी आणून देतो ना काकू! पुढच्याच आठवड्यात पुण्याला जातोय.”

“चाळीस नंबरचा हवा. एक गुंडा पुरे.”

“एक काय, दोन आणतो.”

दोनाचं आश्वासन देणारा माणूस एकही आणत नाही, हे त्या वेळी त्यांना ठाऊक असावं. त्या फक्त “बरं” म्हणाल्या.

ही दोन हजार सातची गोष्ट. मी महाडच्याच कॉलेजातून बीएस्सी होऊन बीएडच्या प्रवेशाची वाट पाहत होतो आणि तोवर गल्लीतल्या सातवी-आठवीच्या पोरांना ‘धवल सर’ म्हणायला लावत होतो. काकू एक्केचाळीस वर्षांच्या. माझ्या आईच्या मैत्रीण. त्यांना दहावीचं गणित हवं होतं.

त्यांचं माहेर पोलादपूरच्या वर, घाटात. डोंगर उतरून त्या पोलादपूरच्या शाळेत यायच्या. दहावीच्या परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना त्यांचं लग्न ठरलं. मुलगा महाडात आहे, कारखान्यात लागायची शक्यता आहे, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येईल, असं त्यांच्या वडिलांना सांगण्यात आलं. ते पुढचं वर्ष यायला पंचवीस वर्षं लागली.

मुलगा, म्हणजे रघुवीरकाका, खरोखरच औद्योगिक वसाहतीत लागले आणि पाळ्या करत राहिले. काकूंनी शेजारच्या एका नर्सबाईंकडून क्रोशाचं काम शिकून घेतलं आणि नऊ वर्षांपासून त्या मुलींच्या एका खासगी शाळेत हस्तकला शिकवत होत्या. मानधनावर. सही वेगळ्या रजिस्टरात, खुर्ची स्टाफरूमच्या दाराजवळ, आणि गॅदरिंगच्या फोटोत जागा सापडली तर. नवीन मुख्याध्यापिका, अस्मितामॅडम, त्यांना जागेवर कायम करायला तयार होत्या. अट एकच. वर्ष संपायच्या आत दहावी पासचं प्रमाणपत्र. नाहीतर संस्था दुसरी बाई घेणार. काकूंनी बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, मार्चमध्ये नातीच्या वयाच्या नाही, पण मुलीच्या वयाच्या पोरींमध्ये बसून परीक्षा दिली आणि गणित सोडून सगळ्यात पास झाल्या. आता ऑक्टोबर. ऑक्टोबरात गणित सुटलं नाही, तर नऊ वर्षांची खुर्ची दारातूनच बाहेर जाणार होती.

शिकवणीच्या वेळी त्या मला ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायच्या. सहा वाजले, की लगेच, “धवल, तो वरचा डबा काढ रे जरा.” या दोन माणसांमधून रोज ये-जा करताना मला फार मजा वाटायची.

अक्षरांची त्यांना भीती होती. समीकरणात एक्स दिसला, की त्या पदर घट्ट करायच्या. म्हणून मी श्रेढीपासून सुरुवात केली. ‘खालीलपैकी अंकगणिती श्रेढी ओळखा’ हा हमखास यायचा प्रश्न. मी पाटीवर लिहिलं: १२, २४, ३६, ४८. म्हटलं, “प्रत्येक संख्येतून तिच्या आधीची वजा करा. फरक सगळीकडे सारखा आला, की अंकगणिती श्रेढी.”

त्यांनी वजाबाकी केलीच नाही. “हा रुमाल आहे,” म्हणाल्या.

“कुठला रुमाल?”

“तुम्ही उसवलात तो.”

मग त्यांनी मला दाखवलं. क्रोशात सुईनं जो उभा टाका काढतात त्याला खांब म्हणतात. गोल रुमालाच्या पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस. दर फेरीला बारांचीच भर. भर सारखी राहिली, तर रुमाल टेबलावर सपाट बसतो. जास्त घातली तर कडेला झालर येते, कमी पडली तर कडा वर उचलतात आणि वाटी होते. मी लगेच लिहिलं: ३, ६, १२, २४.

“झालर,” काकू म्हणाल्या.

१०, १८, २४, २८.

“वाटी. आणि हिला आत्ताच उसवायला हवी.”

मला वाटलं, संपलं! मी जगातला थोर शिक्षक आहे, आणि हे प्रकरण चार दिवसांत आटोपणार. पाचव्या दिवशी मी ४०, ३६, ३२, २८ लिहिलं.

“ही नाही,” काकू म्हणाल्या.

“का नाही? फरक बघा ना. दर वेळी उणे चार.”

“रुमाल आकसत नाही, सर.”

“काकू, प्रत्येक श्रेढी रुमाल नसते.”

“मग कशाला सांगितलंत रुमाल म्हणून?”

मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं होतं, पण सरांनी वाद घालायचा नसतो. त्या दोन आठवडे घटणाऱ्या श्रेढीला श्रेढी मानायला तयार नव्हत्या. पाचपासून सुरू होणारीलाही नव्हत्या, कारण पाच खांबांवर कुठला रुमाल उभा राहतो? ज्या दोऱ्यानं त्यांना गणितात आणलं, त्यानंच त्यांचे पाय बांधले होते. वजाबाकी करा, म्हणून मी कानीकपाळी ओरडायचो आणि त्या वहीच्या पानावर तळहात दाबून बघायच्या. शाळेत मुलींचं काम तपासताना त्या तसंच करायच्या. रुमाल बाकावर पसरायचा, तळहात दाबायचा, आणि हाताखाली जराशी जरी लाट लागली, तरी एकच शब्द. “उसव.” अंकिता नावाची आमच्या गल्लीतली मुलगी चार फेऱ्या उसवताना रडली होती. काकूंनी तिला रडू दिलं आणि चारही उसवून घेतल्या.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते ७, ७, ७, ७ वरून.

“ही टोपीची भिंत,” काकू म्हणाल्या. “बाळाच्या टोपीचा माथा विणून झाला, की पुढं भर घालायची नाही. सात तर सात. पण ही श्रेढी नव्हे.”

“आहे. फरक शून्य आहे.”

“काही वाढलंच नाही, तर फरक कसा म्हणायचा?”

“शून्य हाही फरकच. तो सगळीकडे सारखा आहे ना? मग झालं.”

“हे मला पटत नाही, सर.”

“पुस्तकाला पटतं.”

कोपऱ्यातून तुळजाबाई म्हणाल्या, “जे वाडत नाय न् घटत नाय त्याला काय म्हनतात ते मला इचार गो. त्याला म्हातारपन म्हनतात.”

तुळजाबाई ही त्या घरातली दुसरी शिकवणी होती. अक्षर येत नव्हतं, पण ओटीवर काय चाललंय यातलं एकही वाक्य सुटत नव्हतं. मी दिसलो, की त्या म्हणायच्या, “आला गो उसवनारा.” काकूंनी वही काढली, की म्हणायच्या, “चालली घोडी शाळेत. आता शिंगरू कधी दप्तर धरील देव जाणे.” शिंगरू म्हणजे पुण्यात नोकरीला असलेला नातू. गुडघे दुखायला लागले, की त्यांना सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं असायचं. काका पहिल्या पाळीहून परतले, की स्कूटर काढायचे आणि म्हातारी मागं बसून, डोळे मिटून, “हळू रं, हळू” करत जायची. मी त्यांना मनातल्या मनात खाष्ट सासू या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. पहिला टोमणा, दुसरा टोमणा, फरक सारखा. पुढची पदं मी न बघताच लिहिली होती.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात नेलं. काकूंनी शाळेतून रजा घेतली, डबा, औषधं, काकांच्या पाळ्या सगळं सांभाळलं, आणि उरलेला वेळ खाटेजवळच्या स्टुलावर बसून तोच रुमाल विणत राहिल्या. माझा पुण्याचा दोरा अर्थातच आला नव्हता. त्यांनी महाडच्या बाजारातला घेतला होता, जरासा पिवळट. आतला भाग दुधासारखा पांढरा, बाहेरचा ताकासारखा. कुठपर्यंत उसवलं होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. म्हातारीच्या नाकाला नळी. मला बघून त्यांनी ती बोटानं बाजूला केली.

“मास्तर. तीस, सव्वीस, बावीस. पुडं काय?”

मी गडबडलो. “अठरा, आजी.”

“तुला नाय इचारलं. तुला पैसं देतात. हिला इचारलं.”

काकूंनी विणण्यातून मान वर केली नाही. “अठरा,” म्हणाल्या.

“कमी होतंय. तरी चालतं?”

“चालतं आत्या. फरक सारखा हाय.”

“मंग ठीक,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

बाहेर व्हरांड्यात मी काकूंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, “रोजचंच आहे. मी भाकऱ्या थापायला बसले, की त्या चुलीशी येऊन बसतात आणि विचारतात. तू शिकवलेलं सगळं ऐकलेलं असतं ना. उलटं-सुलटं करून टाकतात माझ्यावर. चुकले, की गालात हसतात. परीक्षा घेतात की थट्टा करतात, मला अजून कळलेलं नाही.” मग म्हणाल्या, “घटणारी श्रेढी मला त्यांनीच पटवली. म्हणाल्या, कणगीतला भात बघ की गो, रोज पायलीपायलीनं उतरतो. त्याला काय रुमाल म्हनशील?”

मी दोन आठवडे घसा फोडला होता. म्हातारीला एक कणगी पुरली. पण याचं श्रेय मी अजूनही अर्धं माझ्याकडे ठेवतो, कारण ऐकण्यासारखं काहीतरी मीच ओटीवर बोलत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी तुळजाबाई गेल्या.

सावित्रीच्या काठी सगळं झालं. पोलादपुराकडची भावकी आली, तिच्यात काकांचे चुलते श्रीपततात्या. घरातलं वडीलधारं माणूस आता तेच. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो. ओटीवर सतरंजी, म्हातारीच्या कोपऱ्यात समई, आणि कुणी कुणाला शिवणार नाही अशा बेतानं बसलेली माणसं. माझ्या खिशात परीक्षेचं वेळापत्रक होतं. ते काढायची हिंमत होत नव्हती, आणि त्याची गरजही नव्हती. काकूंना ते पाठ होतं. गणिताचा पेपर नेमका दहाव्याच्या दिवशी होता.

त्यांनी स्वतःच विषय काढला. दाराच्या आत उभ्या राहून, हळू आवाजात.

“तात्या, दहाव्याला माझी परीक्षा आहे. अकरा वाजता.”

तात्या बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसले. “दहाव्याची आंगोळ झाल्याबिगर सुतक फिटत नाय, पोरी. घरची थोरली सून त्या दिशी भायेर? लोक काय बोलतील? रघुवीर, तू काय म्हनतोस?”

रघुवीरकाका एरवी बोलका माणूस. पाळीवरून येताना चौकातल्या चार जणांची टोपी उडवल्याशिवाय घरात शिरायचे नाहीत. आता ते खाली बघत होते. “मी नदीवर असणार तात्या,” एवढंच म्हणाले.

“नदीवर बायका नसतात,” काकू म्हणाल्या. “घर धुऊन, स्वयंपाक करून मी निघेन. तुम्ही परत यायच्या आत येईन. वाटेत कुणाला शिवणार नाही.”

“न् तिथं पोरं असतील ती? परकी लेकरं. त्यांना न सांगता सुतकातलं मानूस शेजारी बसनार?”

“मी शेवटच्या बाकावर बसेन. सांगेन आधी.”

“न् नाय बसलीस तर काय जातंय? पुडच्या वर्साला दे.”

हे वाक्य तात्यांनी अगदी मायेनं उच्चारलं. पंचवीस वर्षांपूर्वी ते कुणी उच्चारलं होतं, मला माहीत नाही. पण काकूंचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी आधी किंवा नंतर कधी पाहिला नाही. दाराच्या चौकटीला धरलेला हात त्यांनी काढला नाही. आत जात नव्हत्या, बाहेरही येत नव्हत्या.

शेवटी तात्याच म्हणाले, “म्हातारी आस्ती तर काय बोलली आस्ती?”

“म्हणाल्या असत्या, चालली घोडी शाळेत.”

कुणीतरी हसलं. काका असावेत. हसता हसता त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं आणि मग त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले. समईतली वात तात्यांनी उगाच पुढं सारली.

“जा मग,” ते म्हणाले. “पर सुतकात सुई धरायची नाय हातात. आपल्या घरात ते चालत नाय.”

“पेन धरेन,” काकू म्हणाल्या.

दहाव्याला मी साडेदहापासून परीक्षेच्या शाळेबाहेर उभा होतो. काकू एकट्या आल्या. साधं सुती पातळ, केस ओले, हाताला घर धुतल्याचा वास. पोरापोरींचा घोळका टाळून कडेकडेनं चालत होत्या. माझ्यापासूनही चार हात लांब थांबल्या. मी सवयीनं शुभेच्छा द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

“फरक काढा,” मी म्हटलं. “तळहात दाबू नका.”

“हो, सर.”

आत काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी वर्गावरच्या पर्यवेक्षकाला विचारून शेवटचा, भिंतीकडचा बाक घेतला. तो तरुण मुलगा होता, बाहेरगावचा. पेपर द्यायला त्यानं हात पुढं केला, तर यांनी हात मागं घेतले. “बाकावर ठेवा.” तो बिचकला. परीक्षेला बसलेली माणसं पेपर हिसकावून घेतात, मागं सरत नाहीत. “का हो?” “सुतक आहे. तुम्हाला अजून सगळ्या वर्गाला वाटायचे आहेत.” त्यानं पेपर बाकावर ठेवला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर स्वतःची पट्टी ठेवून पुढं गेला.

ज्या सात-सात-सातवरून आम्ही एक अख्खी संध्याकाळ भांडलो, ते आलंच नाही. आमच्या परीक्षा अशाच असतात. श्रेढ्या चार होत्या, ओळखायच्या. तिसरीपाशी त्यांचा हात आपोआप पानावर सपाट टेकला. मग त्यांना आठवलं, की सर बाहेर उभे आहेत. त्यांनी हात उचलून वजाबाकी केली. पहिले दोन फरक सारखे होते. तिसरा नव्हता. त्यांनी ‘नाही’ लिहिलं.

शेवटी त्यांना पुरवणी लागली. मार्चमध्ये मुख्य वहीच भरली नव्हती. पर्यवेक्षकानं पुरवणी बाकावर ठेवली आणि ती बांधायला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा. सुतकाच्या दहा दिवसांत हातात आलेला तो पहिला दोरा. “सुई नव्हती ना,” काकू मला समजावत होत्या, जणू मीच श्रीपततात्या. “नुसता दोरा होता. म्हणून बांधला.”

तेराव्यानंतर मी एकदा सहज गेलो. पाहुणे पांगले होते. काका पाळीवर. म्हातारीच्या कोपऱ्यात तांदूळ निवडायचं सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं. काकू वही न घेता समोर बसल्या.

“धवल, ते सात-सात-सात.”

“ते काय?”

“ती श्रेढीच असते म्हणालास ना?”

“हो.”

“काल जसा गेला तसाच आज गेला. उद्याही तसाच जाणार. भाकऱ्या थापताना मान वळते आणि चुलीपाशी कुणी नसतं.” त्यांनी सुपावरची धूळ पदरानं पुसली. “मग असेल. मला पटलं.”

मला त्यांना सांगायचं होतं की गणितात त्याचा अर्थ तसा नसतो. पण सहा वाजून गेले होते. त्या वेळी मी सर नव्हतो.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर निकाल आला. गणितात काठावर पास. काठ इतका जवळ होता, की पाय घसरला असता तर उलट्या बाजूला. अस्मितामॅडमनी जागा धरून ठेवली होती. काकूंचं नाव मुख्य रजिस्टरात आलं. खुर्ची मात्र त्यांनी दाराजवळचीच ठेवली. तिथं विणायला उजेड चांगला येतो म्हणाल्या. पेढे द्यायला त्या आमच्या घरी आल्या, तेव्हा आईला म्हणाल्या, “धवलनं शिकवलं म्हणून.” मी खोटा नम्रपणा दाखवायला तोंड उघडलं, तर पुढचं वाक्य आलं, “आणि आमच्या आत्यांनी घोकून घेतलं.”

तो गोल रुमाल मुळात अस्मितामॅडमच्या केबिनमधल्या टीपॉयसाठी होता. मॅडमना त्यांनी दुसरा विणून दिला. हा पूर्ण केला, पण घरीच ठेवला. ओटीवर, म्हातारीच्या कोपऱ्यात एक ठेंगणी तिवई आहे, तिच्यावर. मी आता पनवेलच्या एका शाळेत शिकवतो. मे महिन्यात आलो, की तिथं बसून चहा पितो.

पहिल्यांदा बसलो तेव्हा कप ठेवायला गेलो, तर काकू म्हणाल्या, “तिथं नको, कलंडेल.” मी वाकून पाहिलं. आत दुधाळ पांढरं, मग ताकासारखं पिवळट. ती माझी सीमारेषा. तिच्या बाहेर दोन बोटांवर एका फेरीला लाट आली होती. एकच फेरी. भर जास्त झालेली. तिच्या पुढच्या फेऱ्यांनी तिला सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण झालर बसली नव्हती.

“ही कधीची?” मी विचारलं.

“हॉस्पिटलातली. शेवटच्या रात्रीची. पहाटे मोजत होते आणि चुकले.”

“उसवली नाहीत?”

अंकिताला चार फेऱ्या उसवायला लावणाऱ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्या लाटेवर तळहात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

“नाही,” म्हणाल्या.

मी चहा हातातच धरून प्यालो. फाटकापाशी पोचलो, तेव्हा पिशवीचं बक्कल तपासलं, ही आता सवयच झाली आहे. मागून आवाज आला.

“धवल! दोरा?”

“पुढच्या खेपेला, काकू.”

मागच्या मे महिन्यात मी खरोखर नेला. पनवेलच्या बाजारात उभं राहून निवडला, दुधासारखा पांढरा. काकूंनी गुंडा हातात घेतला, दोऱ्याचं टोक दोन बोटांत फिरवून पाहिलं आणि माझ्या पिशवीत परत टाकला.

“हा वीस नंबरचा आहे. जाड. तुझ्या आईला दे, बाजेला उपयोगी पडेल.”

म्हणजे माझ्याकडून अजून एक गुंडा यायचाय. चाळीस नंबरचा.